हरितगृहातील नोंदवही



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पहिल्यांदा तापमापक हातात घेतला, त्याच शाळेत आज व्याख्याता म्हणून उभे राहण्याचा योग आला, हे मी माझे भाग्य समजतो. या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी विद्वान नाही. मी संत्र्याची रोपे तयार करणारा एक रोपवाटिकाधारक आहे. परंतु ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी मला दिलेली एक सवय माझ्या धंद्याच्या मुळाशी आहे. ती सवय मी मध्यंतरी सोडली आणि तिची किंमत मोजली. ती कहाणी सांगणे हेच माझ्या दृष्टीने खरे स्मरण आहे.

जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल, विज्ञान खोलीच्या उत्तरेकडील ओट्यावर दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले असत. एक कोरडा आणि दुसऱ्याच्या फुग्याला ओले मलमलचे फडके गुंडाळलेले, त्याचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेले. सकाळी प्रार्थनेनंतर आणि दुपारी मधल्या सुट्टीत पाळीचा विद्यार्थी दोन्ही आकडे वाचून लाल बांधणीच्या वहीत लिहीत असे. आकडा विसरला तर गुरुजी रागावत नसत. अंदाजाने लिहिला तर मात्र रागावत. ‘‘रिकामी जागा खरी असते, खोटा आकडा खोटाच राहतो,’’ असे ते म्हणत. त्या वेळी आम्हाला हा नसता उद्योग वाटे. पुढे चाळीस वर्षांनी त्याच दोन तापमापकांकडे मला परत यावे लागेल, याची कल्पना नव्हती.

आजचा माझा विषय आहे हरितगृहातील हवामानाचे नियंत्रण, त्यासाठी ठेवावयाच्या नोंदी आणि त्या नोंदींवर चालणारी स्वयंचलित यंत्रणा. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके मिळून आपला स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य हिंदी भाषकांचे, बोली मराठी आणि बाजारपेठ नागपूरची, अशा या पट्ट्याची ओळख संत्र्याने घडवली आहे. त्या संत्र्याचा जन्म बागेत होत नाही, रोपवाटिकेत होतो. म्हणून हरितगृहाचा विषय आपल्यासाठी परदेशी फुलांचा किंवा रंगीत ढोबळ्या मिरचीचा नसून संत्र्याच्या रोपाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. वाढीची परिस्थिती माणसाने ताब्यात ठेवणे ही काही नवी गोष्ट नाही. आपला संत्रा उत्पादक आंबिया बहारासाठी हिवाळ्यात आणि मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडतो. झाड विसावते, पाने मलूल होतात, आणि मग पाणी देऊन ताण तोडला की फुलोरा येतो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. किती दिवसांनी पाणी सोडायचे हे आपले वडीलधारे पानांकडे पाहून ठरवीत. हे नियंत्रणच होते. त्यात मोजमाप डोळ्यांचे होते आणि नोंद डोक्यात होती. ते डोके गेले की नोंद गेली, एवढाच त्यात दोष.

आता हरितगृह म्हणजे काय ते पाहू. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या घरात ऊन आत येते, जमीन तापते, जमिनीमुळे हवा तापते. पण तापलेली हवा वर उठून निघून जाऊ शकत नाही. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ साली एका साध्या प्रयोगाने दाखवून दिले, की अशा घरातील उष्णतेचे मुख्य कारण कोंडलेली हवा हेच आहे. थंड देशांत ही कोंडलेली ऊब वरदान ठरते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ती वरदान आहे आणि मे महिन्याच्या दुपारी शाप आहे. जे घर आठ आठवडे ऊब धरते, तेच घर पुढचे अनेक महिने ऊब बाहेर कशी टाकायची या चिंतेत असते.

मग रोपवाटिकेसाठी ही उठाठेव कशाला? उघड्या वाफ्यावर रोपे पिढ्यान्‌पिढ्या तयार झालीच की! झाली, पण त्यांच्याबरोबर मूळकूज आणि डिंक्याही बागेत गेले. हे रोग ज्या फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसदृश जीवामुळे होतात, तो ओल्या मातीत राहतो आणि रोपाच्या मुळांबरोबर गावोगावी प्रवास करतो. शिवाय सिट्रस सिला ही कीड ग्रीनिंग रोग पसरवते. म्हणून निर्जंतुक केलेल्या माध्यमात, जमिनीपासून अलग ठेवलेल्या पिशव्यांत, कीटकरोधक जाळीच्या आत, निरोगी मातृवृक्षाचा डोळा बांधून रोप तयार करावे, असा आग्रह नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने धरला. जंबेरी किंवा रंगपूर लाइमचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला, की त्यावर डोळा बांधतात. खुंट किती लवकर आणि किती सारखा वाढतो यावर सारा हिशेब अवलंबून असतो.

येथे पहिला आकडा येतो. लिंबूवर्गीय झाडाची वाढ साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली थांबते. २५ ते ३० अंशांत ती उत्तम होते आणि ३७-३८ अंशांच्या पुढे पुन्हा मंदावते. दिवसाचे कमाल आणि किमान तापमान घेऊन त्यांची सरासरी काढा, तीतून १३ वजा करा; जे उरते ती त्या दिवसाची वाढीची कमाई. हिवाळ्यात बाहेर कमाल २८ आणि किमान १० असेल, तर सरासरी १९ आणि कमाई ६. त्याच दिवशी बंद घरात कमाल ३० आणि किमान १३ राखता आले, तर सरासरी साडेएकवीस आणि कमाई साडेआठ. रोज अडीच अंशांची ही बचत महिनाभर साठली म्हणजे काय होते, हे आपल्या गणिताच्या वर्गातील मुलगाही सांगेल.

दुसरा आकडा आर्द्रतेचा. येथे बहुतेक जण फसतात. सापेक्ष आर्द्रता ७० टक्के आहे असे नुसते सांगून काही कळत नाही. ३० अंशांच्या हवेत ७० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा आणखी सुमारे १.२७ किलोपास्कल इतकी वाफ मागत असते. ४० अंशांवर आर्द्रता तितकीच ७० टक्के असली, तरी मागणी २.२१ किलोपास्कलवर जाते. म्हणजे टक्के तेच, पण हवेची तहान पावणेदोन पट! ही तहान भागवते कोण? रोपाचे पान. तहान फार झाली की पान आपली रंध्रे मिटून घेते आणि वाढ थांबते. तहान अगदीच नसली तर पानावर पाणी साचते, बुरशीला आमंत्रण जाते आणि मुळांतून अन्नरस वर चढत नाही. म्हणून शहाणा रोपवाटिकाधारक टक्के पाहत नाही, हवेची तहान पाहतो.

आणि ही तहान दाखवणारे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे गुरुजींचे ते दोन तापमापक. दोन्ही आकड्यांत अंतर जितके मोठे, तितकी हवा तहानलेली. आपल्या भागात खसखशीत उन्हाळ्यात कूलर का चालतो आणि श्रावणात तोच कूलर का घामाघूम करतो, याचे उत्तर याच अंतरात आहे. मे महिन्यात दुपारी कोरडा तापमापक ४३ आणि ओला २३ दाखवत असेल, तर अंतर २० अंशांचे. हरितगृहाच्या एका भिंतीला ओल्या जाळ्यांचे पॅड आणि समोरच्या भिंतीला पंखे बसवले, तर ही यंत्रणा त्या अंतरापैकी सुमारे ८० टक्के तापमान उतरवू शकते. ४३ ची हवा २७ होऊन आत येते. ऑगस्टमध्ये कोरडा ३० आणि ओला २८ असेल, तर अंतर अवघे २. तेथे तीच यंत्रणा दीड अंश उतरवील आणि वर ओल वाढवील. यंत्र तेच, वीज तीच, पाणीही तेच; फरक ओल्या फडक्याच्या आकड्याचा.

आता स्वयंचलनाकडे वळू. नाव मोठे असले तरी त्याचे मूळ सोपे आहे. एक मोजणारा, एक ठरवणारा आणि एक करणारा. मोजणारा म्हणजे सेन्सर, ठरवणारी नियंत्रक पेटी आणि करणारे पंखे, पडदे, फॉगर व ठिबकचे व्हॉल्व्ह. ३० अंश झाले की पंखा सुरू, २८ वर आले की बंद. मधली दोन अंशांची फट मुद्दाम ठेवावी लागते. नाही तर पंखा दर मिनिटाला चालू-बंद होऊन मोटार जळते. चांगल्या नियंत्रकात सूर्यप्रकाशाची बेरीज होते आणि ठरावीक प्रकाश साठला की ठिबक सुरू होते. ढगाळ दिवशी ती आपोआप कमी चालते. निचऱ्याच्या पाण्यातील क्षार मोजून खताची मात्रा बदलता येते. हे सारे माणसापेक्षा अधिक नियमितपणे होते, रात्री दोन वाजताही होते, पोळ्याच्या दिवशीही होते. ही यंत्राची थोरवी मी मनापासून मान्य करतो.

पण यंत्राला संशय येत नाही. सेन्सरने सांगितलेला आकडा तो देववाणी समजतो. मी हे कसे शिकलो ते सांगतो.

माझे पहिले हरितगृह उभे राहिले तेव्हा मी नियंत्रक पेटी बसवली आणि त्याच दिवशी नोंदवही बंद केली. आकडे आता पेटीतच साठतात, तर हाताने लिहायचे कशाला, असा माझा विचार. सेन्सर टांगला तो दाराजवळच्या पश्चिमेकडील खांबाला, कारण तेथपर्यंत तार पुरत होती. जुलैत पावसाने उघडीप दिली की तिसऱ्या प्रहरी ऊन त्या खांबावर सरळ पडे. सेन्सर स्वतः तापे आणि सांगे की घर तापले. पेटी इमानाने फॉगर सुरू करी. हवेला तहान नव्हती, तरी आम्ही तिला पाणी पाजत होतो. कामावरच्या एका बाईंनी मला दोनदा विचारले, ‘‘भाऊ, अंदर तं गारच लागते, मंग हे पाणी कायले सोडता?’’ मी हसून म्हटले, यंत्राला आपल्यापेक्षा जास्त कळते. पोळ्यापर्यंत एका बाजूच्या पिशव्यांतली पांढरी मुळे तपकिरी झाली होती. चार हजारांपैकी हजाराहून अधिक रोपे मी खड्ड्यात पुरली.

पैशाचे नुकसान भरून निघते. त्याहून जड गोष्ट पुढे आहे. कुजीची लक्षणे दिसण्यापूर्वीच त्या घरातील काही रोपे विकली गेली होती. कोणत्या ओळीतली, कोणत्या दिवशी, कोणाला, याची नोंद माझ्याजवळ नव्हती. संत्र्याचे रोप आज लावले तर पाचव्या वर्षाच्या सुमारास ते बोलू लागते. तोपर्यंत शेतकऱ्याने खत, पाणी, मजुरी आणि आयुष्यातली पाच वर्षे त्यात घातलेली असतात. नोंद असती तर तीन-चार घरी जाऊन काम भागले असते. नोंद नव्हती, म्हणून त्या हंगामातील प्रत्येक गिऱ्हाइकाचे दार मला ठोठवावे लागले. ‘‘तुमची रोपे बहुधा चांगली आहेत, पण मी खात्री देऊ शकत नाही,’’ हे वाक्य मी बावीस दारांत उच्चारले. काहींनी चहा दिला, काहींनी रोपे परत दिली, एकाने काहीच न बोलता दार लावून घेतले. त्या बंद दारासमोर मला लाल बांधणीची वही आठवली.

त्यानंतर मी बाजारातून दोन साधे तापमापक आणले, एकाला ओले फडके गुंडाळले आणि हरितगृहात पाच ठिकाणी फिरून आकडे लिहिले. पॅडजवळ आणि पंख्याजवळ चार-चार, पाच-पाच अंशांचा फरक निघाला. रोपाच्या शेंड्याशी एक आकडा, डोक्याच्या उंचीवर दुसरा. घर एक, पण आतली हवामाने अनेक!

हे ज्ञान माझ्या आधी फार पूर्वी आपल्याच देशात लिहून ठेवलेले आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याने १९३२ साली पुण्यात कृषी हवामानशास्त्राचे काम सुरू केले. त्याचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास हे सर सी. व्ही. रामन यांचे शिष्य. निरभ्र आणि निवांत रात्री सर्वांत गार हवा अगदी जमिनीला टेकून नसते, तर जमिनीपासून काहीशा उंचीवर असते, असे त्यांना मोजमापांतून आढळले. जमीनच सर्वांत आधी निवते, तेव्हा गारवा तिच्याशीच असणार, असे मानणाऱ्या जाणकारांनी हे प्रथम स्वीकारले नाही. पण आकडे ठाम राहिले, आणि त्या थराला आज जगात रामदासांचे नाव आहे. पुढे प्रत्येक तापमापकाला विचारावयाचा प्रश्न त्यांनी शिकवला : बाबा रे, तू टांगलेला कोठे आहेस?

हवामान केंद्रात झडपांची पांढरी लाकडी पेटी असते, तिला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. तापमापकाला हवा लागावी पण ऊन लागू नये, एवढेच तिचे काम. माझा सेन्सर आज अशाच छोट्या पांढऱ्या पेटीत, रोपांच्या शेंड्यांच्या उंचीवर, घराच्या मध्यभागी आहे. त्यातून हवा खेळावी म्हणून इवलासा पंखा आहे. हा खर्च एका दिवसाच्या मजुरीएवढाही आला नाही.

यावर तरुण मित्र म्हणतील, ही जुनी गोष्ट झाली. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. आली आहे, आणि तिचे स्वागत करू. नेदरलँड्समधील वागेनिंगेन विद्यापीठाने २०१८ साली एक स्पर्धा घेतली. पाच चमूंनी दूर बसून, संगणकाच्या साहाय्याने, हरितगृहातील आपापल्या कप्प्यात चार महिने काकडी पिकवली. शेजारच्या कप्प्यात अनुभवी डच उत्पादकांनी आपल्या पद्धतीने पीक घेतले. विजेत्या चमूने निव्वळ नफ्यात त्या जाणत्या उत्पादकांना मागे टाकले. पुढे २०१९-२० मध्ये चेरी टोमॅटोवर दुसरी स्पर्धा झाली. आपल्या जवळ बारामतीत उसाच्या शेतीत असे प्रयोग सुरू झाले आहेत. परंतु त्या डच स्पर्धेतील एक बाब बातम्यांत मागे पडली. कप्प्यांत माणसे जात होती. ती वेल बांधत, फळे तोडत आणि झाडांची मोजमापे हाताने घेऊन कळवत. दूरच्या बुद्धीला खरे आकडे पुरवणारे हात तेथेही माणसाचेच होते.

म्हणून माझे सांगणे यंत्राच्या विरुद्ध मुळीच नाही. यंत्र घ्या, पण त्याच्या आधी वही घ्या. एक हंगाम हाताने नोंदी ठेवा. तुमच्या घराचा स्वभाव कळेल, आणि मग यंत्राला कोणता हुकूम द्यायचा हेही कळेल. आठवड्यातून एकदा सेन्सरचा आकडा हाताच्या तापमापकाशी ताडून पाहा. प्रत्येक लॉटला क्रमांक द्या : बी कोठले, डोळा कोणत्या मातृवृक्षाचा, बांधला कधी, विकला कोणाला. वीज गेली तर काय, हे पेटी बसवण्याआधी ठरवा. मे महिन्यात पंखे बंद पडलेले घर काही मिनिटांत भट्टी होते, म्हणून बाजूचे पडदे हाताने उघडता आलेच पाहिजेत. विहिरीचे आणि बोअरचे पाणी तपासून घ्या. जड पाण्याचा क्षार ठिबकची तोंडे आणि पॅड बुजवतो. आणि तुमच्या घरातील आकडे जर एखाद्या कंपनीच्या संगणकात साठत असतील, तर ते तुम्हाला केव्हाही परत मिळतील असे करारात लिहून घ्या. ज्याची नोंद त्याचे शहाणपण; ते भाड्याने घेण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.

शेवटी शाळेला एक विनंती. विज्ञान खोलीच्या ओट्यावरचे ते दोन खिळे अजून तेथेच आहेत. येताना मी पाहून आलो. मी दोन तापमापक आणि एक लाल बांधणीची वही बरोबर आणली आहे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर उद्याच्या प्रार्थनेनंतर पहिली नोंद व्हावी. या मुलांपैकी काही पुढे नागपूर-पुण्याला जातील, काही संत्र्याच्या बागेत राहतील, एखादी मुलगी उद्याचा नियंत्रक स्वतः बनवील. त्या सर्वांना एक गोष्ट येथून न्यावी लागेल : आकडा विसरला तर जागा रिकामी सोडायची, पण खोटा लिहायचा नाही.

त्या कामावरच्या बाई आजही माझ्याकडे आहेत. रोज सकाळी पेटीचा आकडा पाहण्याआधी मी त्यांना विचारतो, आत कसे लागते? त्यांचे उत्तर वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहिले जाते. पेटी आणि बाई यांचे जुळले नाही, तर त्या दिवशी मी तापमापक घेऊन आत जातो. हा रकाना कोणत्याही यंत्राबरोबर विकत मिळत नाही. तो मला गुरुजींच्या वहीने दिला.

 गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून माझे भाषण पुरे करतो.